सप्टेंबरच्या बर्फावरची भांडणं

लेक प्लॅसिड हे न्यूयॉर्क राज्यातलं डोंगरातलं गाव. १९८०चं हिवाळी ऑलिंपिक इथंच झालं, त्यामुळे गाव लहान असलं तरी रिंकला तोटा नाही. १४ सप्टेंबर २०२२ला तिथं मोसमाच्या सुरुवातीची एक स्पर्धा चालू होती. अशा स्पर्धेला येतात कोण? खेळाडूंचे आईवडील, कोच, पंच आणि मोजके हाडाचे शौकीन. इलिया मालिनिन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा फ्री स्केट करायला उतरला, पुढच्या दिशेनं झेपावला, हवेत साडेचार गिरक्या घेतल्या आणि एका पायावर अलगद उतरला. चौपट ॲक्सल! अधिकृत स्पर्धेत ही उडी तोवर कुणीच पुरी केली नव्हती.

फिगर स्केटिंगमधल्या बाकी सगळ्या उड्या पाठमोऱ्या सुरू होतात. ॲक्सल तेवढी समोर तोंड करून मारायची आणि पाठमोरं उतरायचं, म्हणून हिच्यात अर्धी गिरकी जास्त. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉल्सननं १८८२ साली ती पहिल्यांदा मारली, तेव्हा दीड गिरकीचंच कौतुक होतं. मालिनिनच्या सात महिने आधी बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या युझुरू हान्यूनं चौपट ॲक्सलला हात घातला होता, पण गिरकी अपुरी राहिली आणि तो पडला. जुलैमध्ये त्यानं स्पर्धांचा निरोप घेतला आणि सप्टेंबरात हा पोरगा ती मारून मोकळा.

मग काय, त्याच रात्री चाहत्यांत जुंपली. एक गट म्हणे, इतिहास घडला. दुसरा म्हणे, उडी घडली, स्केटिंग कुठाय? हात बघा, खांदे बघा, उडीच्या आधी किती वेळ नुसती तयारीच चाललीय ते बघा. तिसरा गट गुणपत्रक घेऊन बसला: चौपट ॲक्सलचे मूळ गुण १२.५०, चौपट लुट्झचे ११.५०. एवढा जीव धोक्यात घालायचा आणि वर मिळणार एकच गुण? हा तिसरा गट मला नेहमीच आवडतो. भांडतो, पण कागद हातात धरून.

या खेळाचं वर्ष १ जुलैला उजाडतं. त्याआधीच, वसंतात, कोरिओग्राफर गाठून दोन नवे कार्यक्रम बसवायचे असतात. शॉर्ट दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा, फ्री चार मिनिटांचा, दोन्हींत दहा सेकंद इकडेतिकडे चालतात. संगीत कापायचं, पोशाख शिवून घ्यायचे, नवे बूट पायात मुरवायचे. त्यातच कुठं खडा टोचतो, कुठं पट्टा घासतो. अमेरिकेत ऑगस्टमध्ये ‘चॅम्प्स कॅम्प’ भरतो. निवडक खेळाडू पंचांसमोर नवे कार्यक्रम करून दाखवतात आणि पंच तोंडावर सांगतात की ही स्पिन पातळीला बसत नाही, ही पायांची नक्षी पुसट आहे. रशियात सप्टेंबरमध्ये अशाच चाचण्या थेट प्रक्षेपित होतात आणि पहिली स्पर्धा व्हायच्या आत तिथल्या चाहत्यांनी अर्ध्या पोशाखांचा निकाल लावलेला असतो. पोशाखाचा प्रश्न नुसता नटण्याचा नाही, बरं का. बाहीवरचं एखादं पीस जरी बर्फावर पडलं तरी एक गुण कापला जातो. नवा पोशाख म्हणूनच लहान स्पर्धेत आधी घालून बघतात.

नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. पहिले पाचदहा प्रयोग मुंबईबाहेर लावायचे, हशा कुठं येतो आणि खोकला कुठं येतो ते बघायचं, आणि मग शिवाजी मंदिरला यायचं. ओबर्स्टडॉर्फची नेबेलहॉर्न, बर्गामोची लोम्बार्डिया या स्पर्धांचं काम तेच. फरक एवढाच की इथं गुण छापून येतात, आणि एकदा आकडा छापला की लोक त्याला निकाल समजतात.

हान्यूच्या चाहत्यांना विचारा. त्याचं सरावाचं ठिकाण तेव्हा टोरंटो, कोच ब्रायन ऑर्सर. तो मोसमाची सुरुवात कॅनडातल्या ऑटम क्लासिकनं करायचा. मॉन्ट्रियलच्या उपनगरातला साधा रिंक, पण हान्यू येणार म्हटल्यावर जपानहून बायका विमानं पकडून यायच्या, बॅनर लावायच्या, विनी द पूची खेळणी जवळ बाळगून बसायच्या. २०१६ला त्यानं तिथं जगातली पहिली चौपट लूप मारली. पुढच्या वर्षी, ऑलिंपिकच्या मोसमात, त्याच स्पर्धेत शॉर्टला ११२.७२ गुणांचा विश्वविक्रम केला. दुसऱ्या दिवशी फ्रीमध्ये ‘सेइमेई’ ही रचना सुरू झाली आणि उड्या हवेतच सुटायला लागल्या.  त्याच्याच सरावातला जोडीदार हाविएर फर्नांडेझ पुढं निघून गेला आणि हान्यू दुसरा आला.

आठवडाभर जी रडारड झाली, ती काय वर्णावी! ‘सेइमेई’ दोन वर्षांपूर्वीचीच होती, म्हणून काहींनी शिळ्या कढीला ऊत म्हटलं. काहींनी मांडणी चुकली म्हटलं, काहींनी थेट कोचवर खापर फोडलं. नोव्हेंबरात एन.एच.के. ट्रॉफीच्या सरावात घोटा दुखावला तेव्हा तर सगळं संपल्यातच जमा होतं. फेब्रुवारीत प्याँगचांगला त्याच ‘सेइमेई’वर त्यानं सुवर्ण घेतलं. १९४८ आणि १९५२च्या डिक बटननंतर लागोपाठ दोन सुवर्णं घेणारा तो पहिला पुरुष.

सप्टेंबरची स्पर्धा निरर्थक असते, असं यावरून कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. अमेरिकेच्या नेथन चेनचं उदाहरण घ्या. २०१८च्या ऑलिंपिकनंतर तीन वर्षं हा गडी हरला नव्हता. ऑक्टोबर २०२१ला लास वेगासच्या स्केट अमेरिकेत शॉर्टमध्ये पडला, फ्रीही विस्कटली आणि तो तिसरा आला. व्हिन्सेंट झू पहिला, शोमा उनो दुसरा. फ्री मोझार्टवरची होती. चाहत्यांचा सूर असा की सगळं नीट आहे, पण मुलगा त्यात दिसत नाही. जानेवारीच्या राष्ट्रीय स्पर्धेत बघतो तर त्यानं दोन्ही कार्यक्रम बाजूला ठेवलेले. शॉर्टला ‘ला बोएम’, फ्रीला एल्टन जॉनचं ‘रॉकेटमॅन’, दोन्ही २०१९-२०च्या मोसमातले. बीजिंगला त्याच ‘ला बोएम’वर ११३.९७चा विक्रम झाला आणि पाठोपाठ सुवर्ण आलं. जुना कार्यक्रम परत काढणं म्हणजे कल्पना संपल्या, असं समजणारे पुष्कळ आहेत. शरीराला पाठ झालेल्या वाटेवरून ऑलिंपिकमध्ये चालणं किती सोपं पडतं, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आता आपल्या घरचा किस्सा. २००९-१०चा मोसम. आइस डान्समध्ये तेव्हा ‘ओरिजिनल डान्स’ नावाचा भाग असायचा आणि त्या वर्षी विषय होता लोकनृत्य. बहुतेक जोड्यांनी आपापल्या नाहीतर शेजारच्या देशाचं काहीतरी उचललं. मिशिगनमध्ये सराव करणाऱ्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीनं मात्र हिंदी सिनेमा निवडला. ‘बंटी और बबली’तलं ‘कजरा रे’, ‘देवदास’मधली ‘सिलसिला ये चाहत का’ आणि ‘डोला रे डोला’. म्हणजे सरोज खान यांनी माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांच्यावर बसवलेलं गाणं आता बर्फावर!

निवडणं सोपं असतं, करणं अवघड. स्केटचा बूट घोट्याच्या वरपर्यंत आवळलेला, कडक चामड्याचा. पाऊल आपटायची सोय नाही, आपटलं की ब्लेडचे दात बर्फात रुतणार. म्हणजे तत्कार गेला, घुंगरू गेले. आपल्या नाचाचा पायाच काढून घेतला म्हणा ना. उरलं ते कमरेच्या वर: मान, डोळे, मनगट, बोटं. ही जोडी त्यासाठी ॲन आर्बरच्या एका भारतीय नृत्यशिक्षिकेकडे जाऊन शिकली. चित्रफीत आजही काढून बघा आणि मेरिलच्या मानेवर नजर ठेवा. ती खांद्यापासून सुटून आडवी सरकते, आणि त्याच क्षणी खाली ब्लेड वेगानं वळण कापत असतं. बॅले शिकलेल्या मुलीला मान एवढी सुटी करायला काय कष्ट पडले असतील, ते कथकच्या वर्गात बसलेल्या कुणालाही कळेल. अर्थात सगळंच शास्त्रात बसणारं नव्हतं. लोकनृत्य म्हणून सिनेमाचं गाणं कसं चालेल, हा सवालही रास्त होता. तरी ते नाचणं कष्टाचं आणि आदराचं होतं, हे इकडे आपल्याकडच्या माणसांनी लगेच ओळखलं.

ही जोडी सप्टेंबरातच नेबेलहॉर्नला उतरली होती. पुढं ग्रां प्री झाल्या, राष्ट्रीय स्पर्धा झाली. व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकला पोचेपर्यंत तो नाच कित्येक पंचांच्या आणि हजारो प्रेक्षकांच्या नजरेखालून गेलेला होता.

त्याच मोसमात रशियाच्या ओक्साना डोमनिना आणि मॅक्सिम शाबालिन या जगज्जेत्या जोडीनं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा नाच घेतला. अंगाला चिकटलेले गडद तपकिरी कपडे, त्यावर पांढरे पट्टे, झाडाची पानं. शाबालिनच्या गुडघ्यामुळे त्यांच्या ग्रां प्री स्पर्धा हुकल्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या जगानं तो नाच नीट पाहिला तो जानेवारीत, टॅलिनच्या युरोपियन स्पर्धेत. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी नेत्यांनी जाहीर हरकत घेतली. ऑलिंपिक तोंडावर, हातात तीनेक आठवडे. पोशाख सौम्य केले, रंगरंगोटी कमी केली, कांस्य मिळालं, पण वादाची सावली काही गेली नाही. हाच वाद सप्टेंबरात झाला असता, तर दुसरा नाच बसवायला चार महिने होते. चाहत्यांच्या कुरकुरीला मी जी किंमत देतो ती या कारणासाठी. ती त्रास देते, पण वेळेवर देते.

सगळीच कुरकुर अर्थात या दर्जाची नसते. स्पर्धा संपली की प्रोटोकॉल नावाचा कागद निघतो. प्रत्येक उडीपुढं नऊ पंचांचे उणे पाच ते अधिक पाच गुण, त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा वगळलेला, आणि तांत्रिक समितीनं मारलेली बारकी चिन्हं. गिरकी बरोबर पाव कमी पडली तर ‘क्यू’, त्याहून जास्त कमी असेल तर एक बाण, अर्धी किंवा अधिक कमी असेल तर दोन बाण. एका बाणानं उडीचे मूळ गुण ऐंशी टक्क्यांवर येतात, दोन बाणांनी ती खालच्या उडीत मोजली जाते. चाहते घरी बसून चित्रफीत थांबवतात, ब्लेडवर रेघा ओढतात आणि बाण का मारला किंवा का नाही मारला यावर पहाट करतात. पंचांना मात्र मोजक्या वेळात, वर्षानुवर्षं एकाच कॅमेऱ्याच्या कोनावर हे ठरवावं लागलंय. त्यांच्यावर तोंडसुख घेणाऱ्यांनी कधीतरी घड्याळ लावून हा खेळ खेळून बघावा.

शैलीचा वाद तर त्याहून जुना आहे. १९७२ला साप्पोरोत ऑस्ट्रियाच्या ट्रिक्सी शुबानं बर्फावर आकृत्या कोरायच्या भागात एवढी आघाडी घेतली की फ्री स्केटमध्ये मागे राहूनही सुवर्ण तिचंच. जपानी प्रेक्षकांचं प्रेम मात्र कांस्य मिळवणाऱ्या जॅनेट लिनवर जडलं. ती स्पिन करताना बर्फावर बसली आणि हसत उठली. टीव्हीवर आकृत्या दिसत नव्हत्या, हसू दिसत होतं. पुढच्याच वर्षी शॉर्ट प्रोग्रॅम आला आणि आकृत्यांचं वजन घटत घटत १९९०नंतर त्या गेल्याच.

टीव्हीवर वेगही दिसत नाही, ही त्यातली मेख. जपानची काओरी साकामोतो ना चौपट उडी मारायची ना तिहेरी ॲक्सल, तरी २०२२ ते २०२४ सलग तीन वेळा जगज्जेती झाली. पेगी फ्लेमिंगनंतर महिलांत असं कुणाला जमलं नव्हतं. पडद्यावर बघणारे विचारायचे, हिला एवढे गुण कशाचे? रिंकच्या कठड्याशी बसलेल्यांना हा प्रश्न पडत नसे. दोन पावलांत ती अर्धा रिंक ओलांडायची आणि त्याच वेगात उडी मारून त्याच वेगात बाहेर पडायची.

आणि मग अलिसा लियू. तेराव्या वर्षी अमेरिकेची विजेती, सोळाव्या वर्षी निवृत्त. मधल्या काळात कॉलेज, भटकंती, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पापर्यंतची पायपीट. २०२४च्या ऑक्टोबरात बुडापेस्टच्या एका लहान स्पर्धेत ती परत उतरली. पाठोपाठ स्केट कॅनडात सहावी, एन.एच.के.ला चौथी. तज्ज्ञ मंडळींनी माना हलवल्या: हसते छान, पण उड्या पूर्वीच्या राहिल्या नाहीत, दोन वर्षं बाहेर राहून कुणी परत येतं का? मार्च २०२५ला बॉस्टनमध्ये डोना समरच्या ‘मॅकआर्थर पार्क’वर तीच मुलगी जगज्जेती झाली. २००६च्या किमी माइस्नरनंतर अमेरिकेला पहिलं महिलांचं जागतिक सुवर्ण मिळालं. आता त्याच मंडळींना विचारा. बुडापेस्टलाच ओळखलं होतं, असं छातीठोकपणे सांगणारे डझनानं भेटतील, आणि पुढच्या सप्टेंबरला तेच पुन्हा कुणाला तरी संपल्यात जमा करताना दिसतील.