आडनावाचे साम्य आणि कुलाचे ऐक्य : बारामती–इंदापूर परिसराच्या आधारे

एकाच आडनावाच्या मंडळींनी एकत्र येऊन कुलमंडळ स्थापन करावे, छापील प्रपत्रे पाठवून घरोघरची माहिती मागवावी, संमेलने भरवावीत आणि अखेर कुलवृत्तांत सिद्ध करावा, ही प्रथा महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चांगली रुजलेली आहे. चित्पावन घराण्यांत ती विशेष बहरली. पुढे इतर ज्ञातींतील घराण्यांनीही तिचा स्वीकार केला. अशा मंडळाचा आरंभ बहुधा एका गृहीतापासून होतो. ते गृहीत असे की, ज्यांचे आडनाव एक त्यांचा मूळपुरुषही एक. हे गृहीत कोठे टिकते व कोठे टिकत नाही, याचा विचार मर्यादित प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून केल्यास अधिक फलदायी होतो. नीरा, कऱ्हा व भीमा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके ह्या दृष्टीने फार उपयोगी आहेत. आडनावे बनण्याचे, बदलण्याचे आणि स्थलांतर करण्याचे बहुतेक सर्व प्रकार तेथे पाहावयास मिळतात.

प्रथम सर्वांत सोपे उदाहरण घ्यावे. कुलकर्णी, पाटील, देशमुख, देशपांडे ही आडनावे अधिकारावरून पडली. ज्या गावास वतनदार कुलकर्णी, त्या गावास कुलकर्णी आडनावाचे घराणे. म्हणजे शेजारशेजारच्या दहा गावांत दहा स्वतंत्र घराणी असू शकतात. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने आणि मुलकी पाटलांचे पद १९६२ च्या कायद्याने संपुष्टात आले. वतन गेले, आडनाव मात्र राहिले. आणि आता वतनाचे गाव विस्मरणात गेल्यावर ही सर्व घराणी एकाच वेलीची पाने वाटू लागली आहेत. अशा आडनावांच्या बाबतीत ‘अखिल’ स्वरूपाचे मंडळ हे स्नेहमंडळ होऊ शकेल. कुलमंडळ ते नव्हे.

याहून गुंतागुंतीचे, परंतु अधिक बोधप्रद उदाहरण खुद्द बारामतीचे आहे. पेशवाईतील विख्यात सावकार बाबूजी नाईक यांचा कऱ्हेकाठचा वाडा तेथे आहे, आणि कवी मोरोपंत (१७२९–१७९४) यांस आश्रय मिळाला तो ह्याच घराण्याचा. १७४० मध्ये थोरल्या बाजीरावाच्या मृत्यूनंतर पेशवेपद बाबूजी नाइकास मिळावे अशी खटपट रघूजी भोसल्याने केली होती, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. ह्या घराण्याचे मूळ आडनाव जोशी. सावकारीच्या व्यवसायामुळे ते नाईक झाले आणि वास्तव्यामुळे बारामतीकर म्हणविले जाऊ लागले. कागदपत्रांत ही तिन्ही नावे आढळतात. कधी एकेकटी, कधी एकत्र. केवळ ‘जोशी’ ह्या नावाने शोध घेणाऱ्यास अर्धे कागद सापडणार नाहीत, आणि केवळ ‘नाईक’ ह्या नावाने घेणाऱ्यास भलत्याच घराण्यांचे कागद सापडतील. कारण नाईक ही उपाधी सावकारास होती तशीच लष्करी पथकाच्या म्होरक्यासही होती.

बाळाजी विश्वनाथाची कन्या भिऊबाई ही बाबूजीचा बंधू आबाजी यास दिलेली होती. तिची बहीण अनुबाई ही इचलकरंजीच्या व्यंकटराव घोरपड्यांस दिली. आता हे घोरपडे कोण? व्यंकटरावाचा पिता नारो महादेव हा मूळचा जोशीच. सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाने त्याचा उत्कर्ष झाला आणि त्या उपकाराचे स्मरण म्हणून त्याने स्वामींचेच आडनाव धारण केले. पेशव्याच्या दोन कन्या दोन जोशी घराण्यांत पडल्या. पैकी एक घर बारामतीकर नाईक म्हणून नावारूपास आले, दुसरे घोरपडे म्हणून. इचलकरंजीचे घोरपडे ब्राह्मण आणि कापशीचे घोरपडे मराठे. आडनाव अक्षरशः एक, पण रक्ताचा संबंध नाही. आडनाव म्हणजे वंशाची खूण असे समजणाऱ्याने हे एक उदाहरण जरी नित्य स्मरणात ठेवले तरी पुष्कळ चुका टळतील.

उलट प्रकारही आहे. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचे नाव इंदापूरशी निगडित आहे. तेथील लढाईत त्यांचा अंत झाला आणि त्यांची गढी तेथे दाखविली जाते. मुधोळच्या घोरपड्यांची परंपरा अशी की, तेही मूळचे भोसलेच. घोरपडीच्या साहाय्याने किल्ला चढून जाण्याच्या पराक्रमाबद्दल बहमनी दरबाराने १४७१ च्या फर्मानाने त्यांस नवे नाव दिले. ह्या फर्मानाच्या अस्सलपणाविषयी संशोधकांत मतभेद आहेत. परंतु परंपरा ग्राह्य धरल्यास, भोसले व घोरपडे ही भिन्न आडनावे एका कुलाची ठरतात. तात्पर्य, आडनावाच्या साम्याने जसे ऐक्य सिद्ध होत नाही, तसे भेदाने भिन्नत्वही सिद्ध होत नाही. मग सिद्ध होते कशाने?

येथे कागदपत्रांकडे वळणे प्राप्त होते, आणि इंदापूर तालुका संशोधकास अनपेक्षित साहाय्य करतो. पुणे जिल्ह्यात प्रिंगलने केलेली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५–३६ मध्ये जमीनमोजणीची नवी पद्धती प्रथम राबविली ती इंदापुरातच. मुंबई इलाख्याच्या रयतवारी सर्वेक्षणाचा पाया तेथे घातला गेला. साहजिकच खातेदारांच्या नोंदींची परंपरा ह्या तालुक्यात इतरांपेक्षा जुनी आहे. मात्र त्या नोंदी मोडीत आहेत, आणि आडनावाची सोय त्यांत क्वचितच पाहिलेली असते. ‘राणोजी बिन संभाजी’ एवढेच लिहिले की कारकुनाचे काम भागे. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, म्हणजे लोक जिला कोतवाल बुक म्हणतात तीत, जातीचा उल्लेख असतो, आडनाव अनेकदा नसते. म्हणून संशोधकाने आडनावाच्या मागे न लागता जमिनीच्या तुकड्यामागे लागावे. फेरफारांच्या नोंदवहीत वारस लागताना बाप, मुलगे, विधवा, दत्तक ही सर्व माणसे एका सर्व्हे नंबराभोवती गोळा होतात. माणसाचे नाव बदलते, गाव सुटते. शेताचा नंबर मात्र सहसा ओळख देतो.

शोधणाऱ्याने तालुक्याच्या सीमाही जपून पाहाव्या. एकोणिसाव्या शतकात बारामती व सुपे ही भीमथडी तालुक्यात होती. बारामतीच्या नावाने दप्तर मागविणारा त्यामुळे पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो. सुप्याची आणखी एक गोष्ट अशी की, १८७५ च्या दख्खनच्या दंग्याचा भडका १२ मे रोजी तेथील बाजारातच उडाला. रयतेने सावकारांकडून कर्जरोखे हिसकावून जाळले. रयतेच्या दृष्टीने ते मुक्तीचे कृत्य होते. वंशावळीच्या अभ्यासकास मात्र एवढे नमूद करणे भाग आहे की, सामान्य कुणब्याचे नाव, बापाचे नाव आणि गहाण टाकलेले शेत ज्या थोड्या कागदांत एकत्र येई, त्यांपैकीच हे कागद होते. पुढे १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने असे दस्तऐवज नोंदविण्याची व्यवस्था झाल्यामुळे त्यानंतरच्या पिढ्यांविषयी परिस्थिती बरी आहे.

कागद संपतात तेथे कुलदैवत, देवक व गोत्र यांचा आधार घेतला जातो. नीरा-भीमेच्या संगमावरील नीरा नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याच्या टोकाचे क्षेत्र अनेक घराण्यांचे कुलदैवत आहे. ज्या विंचूरकर सरदारांनी तेथील मंदिराची अठराव्या शतकात उभारणी केली, त्यांचेही मूळ आडनाव दाणी. नाशिककडील विंचूर जहागिरीवरून ते विंचूरकर झाले. दूर खानदेशात वा वऱ्हाडात स्थायिक झालेल्या घराण्याचे कुलदैवत नरसिंहपूरचे असेल, तर पूर्वज ह्या संगमाच्या आसपासचे असावेत असा तर्क करण्यास जागा आहे. परंतु कुलदैवत जेजुरीचा खंडोबा किंवा तुळजापूरची भवानी असेल, तर त्यावरून काहीच अनुमान निघत नाही. कारण अर्धा महाराष्ट्र त्या दैवतांचा आहे. खुणेचे प्रमाणमूल्य तिच्या विरळपणावर अवलंबून असते.

हाच नियम आडनावासही लागू पडतो. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागल्यावर सासवड भागातील माळी कुटुंबे ऊस पिकविण्यासाठी बारामतीच्या बागाइती पट्ट्यात उतरली. १९३० नंतर वालचंदनगरच्या साखर कारखान्यामुळे इंदापुरात आणखी माणसे आली. अशा गावी ‘जगताप’ किंवा ‘पवार’ हे नाव आढळले तर ते घर जुने की कालव्याबरोबर आलेले, हे नावावरून कळणार नाही. ‘बोरावके’ वा ‘गिरमे’ ह्या नावांचे तसे नाही. ती मुळातच थोड्या घरांची असल्याने त्यांचा माग सासवडपर्यंत नेणे त्या मानाने सोपे. इंग्लंडमध्ये एकेका आडनावाचा अभ्यास करणाऱ्यांची संघटना १९७९ पासून कार्य करीत आहे. तेथील आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी केली, तेव्हा असाच अनुभव आला. साइक्स ह्या आडनावाच्या तपासलेल्या पुरुषांपैकी निम्म्याच्या जवळपास लोकांत एकच वंशखूण असल्याचे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. आणि २००९ मध्ये किंग व जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या तुलनेवरून दाखविले की, विरळ आडनावांत समान वंश बराच आढळतो, स्मिथसारख्या सार्वत्रिक आडनावांत जवळजवळ नाही. ही कसोटी महाराष्ट्रात वापरू पाहणाऱ्याने दत्तकाचा विसर पडू देऊ नये. दत्तक पुत्र धर्माने आणि कायद्याने कुलाचा. गुणसूत्राने तो नसेलही. कोणते कुल मोजावयाचे, हे आधी ठरविले पाहिजे.

कुलवृत्तांतांचे शास्त्रीय मूल्य मोठे आहे, याविषयी दुमत नसावे. मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावन कुलवृत्तांतांचा समाजरचना व समाजपरिवर्तन यांच्या अभ्यासासाठी साधन म्हणून विचार केला. तथापि ह्या ग्रंथांची ठेवण पुरुषवंशाची आहे. सुनेचे माहेर पुष्कळदा दिलेले असते. मुलीचा धागा तिच्या विवाहापाशी तुटतो. भिऊबाई आणि अनुबाई यांच्यामुळे जी दोन घराणी पेशव्यांशी जोडली गेली, ती पुरुषवंशाच्या तक्त्यात एकमेकांपासून सर्वस्वी अलग दिसतील.

दुसरा दोष मंडळांच्या उत्साहातून उद्भवतो. सरदार, कवी किंवा सत्पुरुष आपल्या आडनावाचा निघाला की त्याच्या खाली आपली शाखा जोडण्याचा मोह अनावर होतो, आणि मधल्या तीन-चार पिढ्यांची नावे स्मरणातून ‘पूर्ण’ केली जातात. पूर्वी अशा चुकीने फारसे नुकसान होत नसे. परंतु जातप्रमाणपत्रांविषयीचा २००० चा कायदा २००१ पासून अंमलात आल्यानंतर पडताळणी समितीपुढे शपथेवर वंशावळ सादर करावी लागते, आणि एखाद्या पूर्वजाच्या जुन्या नोंदीशी अर्जदाराचा संबंध जुळतो की नाही यावर विद्यार्थ्याचा प्रवेश वा नोकरी अवलंबून राहते. कुलमंडळाने छापलेला तक्ता उद्या तेथे पुढे येऊ शकतो. म्हणून प्रत्येक नावापुढे ते कशावरून घेतले, फेरफारावरून, घरच्या दप्तरावरून की वृद्धांच्या सांगण्यावरून, हे छापणे संपादकाचे कर्तव्य मानले पाहिजे. आणि जेथे दुवा नाही तेथे जागा कोरी सोडावी.

इंदापूर तालुक्यापुरते पाहिल्यास ह्या कामास निकड आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली भीमाकाठची जुनी गावठाणे गेली. पळसदेवचे प्राचीन मंदिर पाणी ओसरल्यावर तेवढे वर दिसते. तेथून उठलेली घराणी नव्या वसाहतींत विखुरली. जुन्या गावात कोणाचा वाडा कोठे होता आणि कोणाचे शेत कोणाच्या बांधाला लागून होते, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले ती माणसे आता वार्धक्यात आहेत, आणि त्यांच्या ट्रंकांतील मोडी कागद वाचणारे घरात बहुधा कोणी नाही.