बुरशी धुतली, विषाचे काय?

गेल्या आठवड्यात एक आजी नातवाचा खोकला दाखवायला दवाखान्यात आल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोत्यातल्या शेंगदाण्यांना ओल लागून बुरशी आली होती. धुऊन, उन्हात वाळवून खमंग भाजले आणि चटणी केली. आता भीती नाही ना?" खरे सांगायचे तर लहानपणी आमच्या घरीही असेच चालायचे. अन्न वाया घालवायचे नाही, हा संस्कार! म्हणून आज हा विषय.

शेंगदाणे, मका, सरकी, मिरची यांवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट-पिवळी बुरशी वाढते. ती अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीचा शोध घेताना हे विष सापडले. आपल्याकडे १९७४ मध्ये गुजरात व राजस्थानातील आदिवासी खेड्यांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. अनेकांना कावीळ झाली, पोटात पाणी साचले आणि शंभरावर माणसे दगावली. तेच अन्न खाणारी गावातली कुत्रीही मेली. हे विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. 'ब' प्रकारची कावीळ असणाऱ्यांना हा धोका कितीतरी पटींनी जास्त असतो.

आता आजींचा प्रश्न. धुतल्याने वरची बुरशी जाते, पण दाण्यात मुरलेले विष जात नाही. शिजवून, भाजून ते थोडे कमी होईल, संपणार नाही.

बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जनुकशास्त्राने छान दाखवले. या बुरशीत विष बनवणारी सुमारे २५ जनुके एकाच जागी ओळीने असतात आणि एक जनुक मुकादमासारखे त्यांना कामाला लावते. प्रयोगशाळेत ते मुकादम जनुक निकामी केले, तर बुरशी वाढते पण विष बनत नाही. जेलीफिशचे चमकणारे जनुक बुरशीत घालून ती दाण्यात कशी शिरते, हेही शास्त्रज्ञांनी पाहिले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेत तर, विषाची जनुके गप्प करणारा भुईमूग प्रयोगादाखल तयार झाला आहे. मात्र ते बियाणे अजून शेतकऱ्यांच्या हाती आलेले नाही.

तोवर आपली काळजी आपणच घ्यायची. शेंगा कडकडीत वाळवूनच भरा. पोती जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. सुरकुतलेले, काळपट, बुरशी आलेले दाणे निवडून फेका. दाणा कडू किंवा खवट लागला तर गिळू नका, थुंकून टाका. असे दाणे घाण्यावर देऊ नका आणि जनावरांनाही घालू नका. गाई-म्हशींच्या पोटातून हे विष दुधात उतरते आणि ते दूध आपलीच मुले पितात.

आजींना मी एवढेच म्हटले, "आजी, ती चटणी टाकून द्या. पसाभर दाणे गेले तर जाऊ देत, नातवाचे यकृत सांभाळा."