मोठ्या गाडीचं मरण पत्र्यात

जुनी मोटार, नवा मालक : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण क्रायस्लरच्या साइड व्हॉल्व्ह इंजिनापाशी थांबलो होतो. डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय, डिसोटो डिप्लोमॅट ही नावं वेगळी, पण बोनट उघडलं की आत तेच सहा सिलिंडरांचं, साडेतीन लिटरच्या वरचं, सोशीक इंजिन. इंजिनापायी अशी गाडी सहसा कायमची उभी राहत नाही. रिंगा मिळतात, बुश लेथवर करून घेता येतात, ब्लॉक बोअर करणारे हात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आजही आहेत. गाडी जाते ती पत्र्याने. आणि समुद्राकाठी तो ज्या वेगाने जातो, त्याची घाटावरच्या माणसाला कल्पना येत नाही. म्हणून हा लेखांक रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा.

आधी या गाड्या आपल्याकडे आल्या कशा, ते थोडक्यात. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला 1928 साली गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जाऊ लागल्या. गाडी इथेच बनवण्याची तयारी नसेल तर धंदा गुंडाळा, असं सरकारचं धोरण ठरल्यावर 1954 च्या सुमारास जनरल मोटर्स गेली. त्यानंतर आलेल्या शेव्हरोले इम्पाला वगैरे बऱ्याचशा वकिलातींच्या. त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या विक्रीतून खासगी मालकांकडे आल्या. म्हणजे आज तुमच्या हाती येणारी अशी गाडी साठ-सत्तर वर्षांची, आणि त्या काळच्या पत्र्याला आजच्यासारखा जस्ताचा मुलामा नाही. रंगाचा थर गेला की खाली नुसतं लोखंड.

आता मिरकरवाडा. हे रत्नागिरीचं मासेमारीचं मोठं बंदर. जेटीला बोटी लागल्या की मासळीचे ट्रक भरतात, बर्फ वितळत राहतो आणि फाळक्यातून खारं पाणी रस्त्यावर गळतं. उतारावर तर ट्रकामागे ओली रेघच उमटलेली असते. त्या रेघेवरून गाडी नेली की तेच पाणी मडगार्डच्या आत, चेसीवर, ब्रेकच्या नळ्यांवर उडतं. वरून समुद्राचा वारा आहेच. तेव्हा इथल्या गाडीला मीठ दोन्हीकडून लागतं, आणि मालक मात्र वरचाच पत्रा पुसत बसतो.

मीठ नक्की करतं काय? लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन पुरतात. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. पण त्याहून वाईट गोष्ट दुसरी आहे. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. साधं मीठ हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर 33 टक्क्यांनाच ओलं होतं. कोकणात हवा इतकी कोरडी कितीदा होते? याचा अर्थ असा की पाऊस नसताना, ऊन असताना, गाडी हात लावून कोरडी लागत असतानाही मिठाच्या थराखाली पत्रा ओलाच असतो. गंज रात्रंदिवस चालू राहतो.

यातून एक गोष्ट निघते, जी ऐकून बहुतेक मालक चकित होतात. गंजाचा मोठा हंगाम पावसाळा आहे असं आपण धरून चालतो. पण रत्नागिरीचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, आणि तो उघड्या पत्र्यावरचं मीठ धुऊन नेतो. धोक्याची जागा ती, जिथे वारा पोचतो पण पाऊस पोचत नाही. फाल्गुन-चैत्रापासून दुपारचा वारा वाढतो, तेव्हापासून मीठ साचत जातं. दाराच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या वळचणीत, डिकीच्या तळाला ते तसंच बसून राहतं आणि जूनमध्ये हवा ओली झाली की पत्रा खायला लागतं. म्हणूनच पडवीत, नुसत्या छपराखाली समुद्राच्या अंगाला उभी केलेली गाडी कधी कधी अंगणातल्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली सापडते. छप्पर हवं, पण वाऱ्याकडची बाजू बंद हवी. आणि प्लास्टिकची ताडपत्री गाडीला गुंडाळून बांधणं तर सरळ घातक. आतली वाफ आतच राहते. घालायचंच तर सुती कापडाचं, हवा खेळणारं आच्छादन घाला.

गाडी विकत घेताना वरचा रंग बघू नका. गुडघ्यावर बसा, हातात बोथट स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि पायरीखालचा पत्रा हळूहळू ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा टणटणतो. लांबी भरलेली असेल तिथे आवाज मेल्यासारखा येतो. कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. लांबीवर ते धरत नाही. लांबी पाणी पिते, त्यामुळे गंजलेल्या भोकावर लांबी भरून वर रंग मारणं म्हणजे आतल्या लोखंडाला ओलं फडकं बांधून ठेवणं. मग दार उघडा, दोन्ही हातांनी खालून उचलून बघा. बिजागरी खिळखिळी असेल तर नुसतं दार हलेल. बिजागरीचा खांबच हलत असेल तर गाडीचा सांगाडा गेला आहे. तिथून परत फिरा, किंमत कितीही कमी असो.

या गाड्यांना स्वतंत्र चेसी असते, आणि बॉडी रबराच्या गाद्यांवर बोल्टांनी बसवलेली असते. चेसीचं लोखंड जाड, ते बरीच वर्षं तग धरतं. आधी कुजतात त्या गाद्यांच्या जागा आणि मागच्या कमानपाट्यांचे कान. तिथे चिखल साचतो, चिखलात मीठ असतं, आणि ते कधी वाळत नाही. 1958 ते 1964 च्या इम्पालांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची चेसी इंग्रजी एक्स अक्षरासारखी, तिला बाजूच्या लांब पट्ट्या नाहीत. पायरीखालचा पेटीसारखा पत्राच तिथे भार घेतो. इतर गाडीत तो गंजला तर गाडी कुरूप दिसते. इम्पालात तो गंजला तर गाडी धोकादायक होते. मिरकरवाड्यात इम्पाला ठेवण्याचं स्वप्न कोणी पाहत असेल तर त्याने आधी पायरी तपासावी, मगच पुढचं बोलावं.

बंदरावरच्या माणसाला गंजाशी झुंजण्याची विद्या जन्मापासून येते, आणि तिचा मला फार आदर आहे. पण ती गाडीला सगळीच्या सगळी लागू पडत नाही. बोटीच्या तळाला, पंख्याजवळ जस्ताच्या वड्या लावतात. समुद्राच्या पाण्यात जस्त आधी झिजतं आणि लोखंड वाचतं. हाच उपाय गाडीच्या चेसीला वड्या ठोकून करावा, असं सुचवणारे भेटतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण जस्ताने लोखंड वाचवायला दोघंही एकाच पाण्यात बुडालेली लागतात. गाडी हवेत असते. वडीपासून वीतभर लांबचा पत्राही तिला वाचवता येत नाही. जस्त हवंच असेल तर ते जस्तयुक्त प्रायमरच्या रूपाने, घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला चिकटून हवं.

दुसरी प्रथा पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल मारण्याची. काहीच न करण्यापेक्षा ते बरं, पण त्याने रबराचे बुश फुगतात, ब्रेकच्या होजपाइपांवर ते बसतं आणि अंगणाची माती खराब होते. डांबरी थर त्याहून वाईट. तो वाळून कडक होतो, त्याला चिरा जातात, चिरेतून पाणी आत शिरतं आणि थराखाली लोखंड कुजत असताना वरून सगळं काळं कुळकुळीत दिसतं. मेणासारखा मऊ राहणारा थर मिळतो, तोच घ्या. दारांच्या पोकळीत, पायरीच्या पेटीत नळीने तो आत मारून घ्या. त्याआधी दारांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा. अर्धी गाडी ती भोकं बुजल्यामुळे जाते.

धुणं हे सगळ्यात स्वस्त औषध. वाऱ्याच्या दिवसांत आठवड्यातून एकदा गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. तोंडात घेऊन बघा, मचूळ लागलं तर ते गाडीला नको. धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे सांध्यांतलं पाणी वाऱ्याने आणि उष्णतेने सुकेल. ओली गाडी आणून बंद जागेत लावू नका.

पत्रा बदलायची वेळ आली तर वेल्डर निवडून घ्या. बंदरावरचे वेल्डर जाड पत्र्याचे आणि पाइपांचे उस्ताद. रॉड लावून ते बोटीचा कठडा असा जोडतील की तो जन्मभर सुटणार नाही. पण गाडीचा पत्रा असतो साधारण एक मिलिमीटरचा, आणि रॉडच्या आगीने त्याला भोक पडतं. सीओटू वेल्डिंग करणारा माणूस शोधा, थोडं थोडं थांबून टाके घालायला सांगा, आणि कामाआधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, बॅटरी सोडवा. कुजलेला भाग चमकता पत्रा लागेपर्यंत कापलाच पाहिजे. गंजावर ठिगळ मारणं हे काम नव्हे.

बंदरावरच्या डिझेल मेकॅनिकांना मात्र मी ही गाडी बेलाशक देईन. जाड आवाजावरून बेअरिंग ओळखणारी, भर समुद्रात इंजिन उघडून बसवणारी ही माणसं. त्यांना फक्त दोन गोष्टी आधी सांगा. पहिली, क्रायस्लरच्या या गाड्यांच्या डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. नेहमीच्या दिशेला जोर लावला की ते सुटण्याऐवजी आणखी आवळतात आणि शेवटी तुटतात. दुसरी, बॅटरी सहा व्होल्टची आणि तिचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. साठ वॉटच्या दिव्याला बारा व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, सहा व्होल्टवर दहा. म्हणून टोकांवर थोडासा हिरवा क्षार चढला तरी दिवे मंदावतात, स्टार्टर आळसावतो, आणि सगळे कार्ब्युरेटर खोलत बसतात. आधी टोकं घासा, बॉडीला जाणारी जाड पट्टी घासा, वर व्हॅसलिन लावा.

ब्रेकबद्दल एकच, पण जीवावरची गोष्ट. या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला एकच मास्टर सिलिंडर, एकच मार्ग. एक नळी गंजून फुटली की चारही चाकं गेली. हँडब्रेकही चाकांवर नसतो, गिअरबॉक्समागे शाफ्टवर असतो. त्यात ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, आणि आंबा घाट उतरताना ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पेडल तळाला जातं. दरवर्षी पावसाळा संपला की ब्रेक ऑइल पूर्ण बदला. लोखंडी नळ्यांच्या जागी तांबं-निकेलच्या मिश्रधातूच्या नळ्या घालता आल्या तर उत्तम. खाऱ्या हवेत त्या टिकतात.

बंपरच्या क्रोमकडे मी शेवटी येतो, कारण खर्चही शेवटीच करावा. क्रोमचा थर मायक्रॉनहूनही पातळ असतो. खरं संरक्षण खालच्या निकेलचं. टिंबाटिंबाने गंज दिसू लागला की पॉलिशने तो जात नाही. मेण लावून थोपवा, आणि पैसे साठवून नीट, निकेल जाड देऊन प्लेटिंग करा.

मूळ रूपातल्या पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20 हजार रुपये, फेरनोंदणीला 5 हजार. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

आता माझं मत. मिरकरवाड्यात राहून अशी गाडी जपता येते, पण मिरकरवाड्यात ती बारमाही उभी करून जपता येत नाही. किनाऱ्यापासून जसजसं आत जावं तसतसं हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. हातखंब्याला किंवा पालीला नातेवाइकांचं बंद दाराचं खोपटं असेल तर गाडीचं घर तेच. तशी जागा नसेल, आणि पहिल्या वर्षाचा सगळा पैसा गाडीच्या खालच्या बाजूला घालण्याची तयारी नसेल, तर गाडी घाटावरच्या एखाद्या हौशी माणसाला द्या. ती तिथे जगेल.

आणि कामाची वेळ साधा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बोटी शाकारून दुरुस्तीला निघतात आणि बंदरावरच्या कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. गाडीचं काम एप्रिलमध्येच उरकून घ्या. पुढच्या आठवड्यात वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आणि जुना कार्ब्युरेटर. तोवर ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी या रविवारी तिच्या दारांची खालची भोकं उघडी करावीत, एवढं नक्की करा.