वसतिगृहाचे नियम, आपली मुले आणि प्रा. सिरस यांची गोष्ट

बारावीचे निकाल लागले की सुरतेतल्या आपल्या मराठी घरांत धावपळ सुरू होते. कुणाचा मुलगा वडोदऱ्याला, कुणाची मुलगी पुण्याला, कुणी वल्लभ विद्यानगरला. खर्च आणि घरच्यासारखे जेवण पाहून बरेच पालक धार्मिक संस्थेचे कॉलेज किंवा वसतिगृह पसंत करतात. तिथे प्रवेशाच्या वेळी नियमपत्रिकेवर मुलाची आणि पालकांची सही घेतात. रात्री ठरलेल्या वेळेत आत यावे, प्रार्थनेला हजर राहावे, शाकाहार पाळावा, आणि शेवटी 'संस्थेच्या संस्कारांना बाधा येईल असे वर्तन करू नये'. आधीच्या नियमांचा अर्थ सर्वांना कळतो. शेवटच्या नियमाचा अर्थ मात्र चालक लावतील तो. मुलगा किंवा मुलगी समलिंगी असेल, तर सही करताना त्या ओळीपाशी पोटात गोळा येतो आणि शेजारी बसलेल्या आईवडिलांना ते कळतही नाही.

असे मूल आपल्या समाजातही असू शकते, हे गृहीत धरून आम्ही हा विषय घेतला आहे.

एका मराठी माणसाचे उदाहरण पाहू. नागपूरचे डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या 'पाया खालची हिरवळ' या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. 8 फेब्रुवारी 2010 च्या रात्री कॅमेरा घेऊन काही जण त्यांच्या घरात घुसले आणि एका पुरुषाबरोबरचे त्यांचे खासगी क्षण चित्रित केले. लगेच विद्यापीठाने 'गैरवर्तन' म्हणून सिरस यांनाच निलंबित केले. निवृत्तीला काही महिने उरले होते. त्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाच्या 2 जुलै 2009 च्या निकालामुळे दोन प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध गुन्हा राहिले नव्हते. तरीही संस्थेच्या दृष्टीने ते गैरवर्तन ठरले.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. 1 एप्रिलला न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. 7 एप्रिलला अलीगढमधल्या भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत सापडले. हंसल मेहता यांचा 'अलीगढ' हा चित्रपट त्यांच्यावरच आहे.

ते प्राध्यापक होते, पगार होता, वकील होते. अठरा वर्षांच्या मुलाकडे यातले काय असते?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध देशभर गुन्ह्याच्या बाहेर काढले. ऑक्टोबर 2023 च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, पण 2018 चा निकाल कायम आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत भर घातली. लैंगिक कल, जात, धर्म किंवा भाषा यांवरून विद्यार्थ्याला छळणे किंवा वाळीत टाकणे हेही आता रॅगिंग आहे. त्यासाठी 1800-180-5522 या क्रमांकावर तक्रार करता येते. संस्थेविरुद्ध तक्रार असेल तर कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचे लोकपाल आहेत.

एक मर्यादाही सांगायला हवी. कॉलेजशी संबंध नसलेल्या खासगी ट्रस्टच्या वसतिगृहाला आयोगाचे हे नियम थेट लागू होतीलच असे नाही. म्हणून सही करण्याआधी पत्रिका पूर्ण वाचा. 'वर्तन' म्हणजे काय आणि काढून टाकण्याआधी बाजू ऐकतात का, हे विचारा. वेळ, जेवण, पाहुणे यांचे नियम सर्वांना सारखे असतील तर ते पाळावेत. पण कोण कुणाकडे ओढला जातो हे वर्तन नव्हे, आणि त्याबद्दल कबुलीजबाब लिहून द्यायला मूल बांधील नाही. कारवाई झालीच तर कारणासह लेखी आदेश मागावा.

संस्थेतून फोन येतो तेव्हा खरी परीक्षा घरची असते. अशा वेळी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे मुलाला 'बरे' करायला डॉक्टरकडे किंवा भगताकडे नेणे. समलिंगी असणे आजार नाही, हे भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केलेले आहे. असे 'उपचार' करणे हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कळवले आहे. दुसरी चूक म्हणजे घाईने लग्न लावणे. त्यात आपल्या मुलाबरोबर दुसऱ्याच्या लेकीचेही आयुष्य पणाला लागते.

मदत फार लांब नाही. सुरतेपासून जवळच असलेल्या राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह गोहिल यांनी 2006 मध्ये आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगितले. त्यांचा लक्ष्य ट्रस्ट गुजरातमध्ये काम करतो. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभा केला. त्यांचे 'इंद्रधनु' हे पुस्तक मराठीत असल्याने आजीआजोबांनाही वाचता येईल. मूल फार खचलेले वाटले तर सरकारची टेलि-मानस सेवा 14416 वर दिवसरात्र मिळते.

सिरस यांच्या हातात न्यायालयाचा आदेश होता, पण सहा दिवसांत ते गेले. कागदाने नोकरी परत मिळू शकते. एकटेपणावर मात्र माणसेच लागतात. म्हणून यंदा मुलाची बॅग भरताना लाडू-चिवड्याच्या डब्याबरोबर एक वाक्यही द्या: "तिथे काहीही झाले, कुणी काहीही म्हटले, तरी आधी आम्हाला फोन कर. हे घर तुझे आहे." ज्याला गरज नाही तो हसून सोडून देईल. ज्याला गरज आहे तो ते विसरणार नाही.