सिझरनंतरची गोळी, घड्याळाप्रमाणे

‘दुखतंय, पण गोळी नको. दुधातून बाळाला जाईल.’ सिझर झालेल्या बाळंतिणीच्या खोलीत हे हमखास ऐकू येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर चारपैकी एक प्रसूती सिझरने होते, गोव्यात दर पाचपैकी जवळपास दोन. म्हणजे ही भीती लाखो घरांतली आहे.

सिझरनंतर दोन वेदना एकत्र येतात. एक टाक्यांची. दुसरी गर्भाशयाची: बाळ अंगावर पिऊ लागलं की ऑक्सिटोसिन पाझरतं, गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात कळ येते. जखमेपाशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, ती मज्जातंतूंना हळवं करतात. आयब्युप्रोफेनसारखी औषधं ती रसायनं बनूच देत नाहीत, म्हणून दोन्ही दुखण्यांवर चालतात. सोबत पॅरासिटामॉल दिलं की दोघांचा परिणाम वाढतो. दोन्ही औषधं दुधात फार कमी उतरतात. पॅरासिटामॉल तर तान्ह्या बाळांनाही देतात. मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर किंवा दमा असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना सांगावं. जपायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉल या वेदनाशामकांपासून. काही जणींचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने करतं आणि ते दुधातून बाळापर्यंत पोचतं.

मणक्यात भूल देताना त्यातच मॉर्फिनचा कणभर अंश मिसळला, तर पहिला दिवस बराच सुसह्य जातो. अंगाला खाज सुटते, ती त्याचीच. पण तो असर ओसरल्यावर कळ असह्य होईपर्यंत थांबणं ही चूक आहे. हळवे झालेले तंतू मग लवकर शांत होत नाहीत. म्हणून गोळी ठरल्या वेळी, दुखण्याआधी घ्यायची.

हे लाड नव्हेत. दुखणारी बाई उठत नाही, आणि बाळंतपणात रक्त गोठण्याकडे कल असल्याने पडून राहणं पायांतल्या शिरांना धोक्याचं. दुखणारी बाई खोकतही नाही आणि बाळाला नीट पाजायला बसतही नाही. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. ‘भात-वरणाने टाके पिकतात’ म्हणून तिचं ताट आणि पाणी तोडू नये. कमी खाण्यापिण्याने बद्धकोष्ठ होतं आणि त्यानेच टाक्यांवर जास्त ताण येतो.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. ते वाढलं, ताप आला, टाक्यांतून पू आला किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली, तर सव्वा महिना संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.