उत्तर राखून ठेवणारे यंत्र

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमात एका विषयाचे सुमारे ३०० विद्यार्थी सत्रभरात जवळजवळ १०,००० शंका विचारीत, आणि त्यांचे निरसन करता करता सहायक अध्यापक मेटाकुटीस येत, म्हणून प्रा. अशोक गोएल यांनी २०१६ साली ‘जिल वॉटसन’ नावाचा एक यंत्रसहायक त्यांच्या जोडीस दिला. सत्र संपत येईपर्यंत विद्यार्थ्यांना त्याच्या यंत्रपणाची वार्ताही नव्हती. या प्रयोगातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा तपशील असा, की उत्तराविषयी ९७ टक्के खात्री असल्याखेरीज यंत्राने मौन सोडू नये, असा दंडक त्याला घालून दिलेला होता.

आजची संभाषणयंत्रे इतकी संयमी नाहीत. पक्के आणि कच्चे ज्ञान ती सारख्याच ठामपणे सांगतात, आणि विषयात नवखा असलेला विद्यार्थी त्यांतील भेद ओळखणार कसा? तरीही ती प्रत्येक मुलाची व्यक्तिगत शिकवणी घेऊ शकतील, ही आशा निराधार नव्हे. व्यक्तिगत शिकवणी लाभलेला सामान्य विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांना मागे टाकतो, असे शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ साली प्रतिपादिले; पुढील संशोधनात एवढी तफावत क्वचितच आढळली हे खरे, परंतु दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय प्रणालीने प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीपासून शिकविले तेव्हा साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोहोंत स्पष्ट प्रगती दिसली. सातवीत बसलेल्या, पण तिसरीच्या भागाकारात अडखळणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकाच्या वेगाने फरफटत नेणाऱ्या आपल्या शाळांनी हा दाखला गंभीरपणे घ्यावा.

धोक्याचा पुरावा तुर्कस्तानातून आला. तेथील माध्यमिक शाळेतील सुमारे १,००० विद्यार्थ्यांवरील गणिताच्या प्रयोगात एका गटाला साधे संभाषणयंत्र मिळाले. सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेताच, ज्यांच्या हाती ते कधी आलेच नव्हते अशा मुलांपेक्षा ही मुले १७ टक्क्यांनी मागे पडली, आणि आपण मागे पडलो आहोत याची त्यांना जाणीवही नव्हती. दुसऱ्या गटाच्या यंत्राला शिक्षकांच्या साह्याने ताकीद दिलेली होती, की उत्तर सांगू नये, केवळ पुढची पायरी सुचवावी. त्या गटाचे सरावगुण १२७ टक्क्यांनी वाढले आणि परीक्षेतील हानी बहुतांशी टळली. मात्र यंत्राविना शिकलेल्यांच्या पुढे त्या गटातील मुलेही गेली नाहीत.

म्हणून महाराष्ट्रात शासन वा जिल्हा परिषदा अशी प्रणाली खरेदी करतील, तेव्हा मुलांच्या माहितीचे काय होणार याची लेखी हमी तर घ्यावीच; परंतु मराठी माध्यमाच्या मुलांची यंत्र दूर ठेवून, कागदावर घेतलेल्या परीक्षेचे निकाल पुरवठादाराने निविदेसोबत दाखल करावेत आणि ते शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचले जावेत, अशी अट करारनाम्याच्या पहिल्याच कलमात असली पाहिजे.