लपलेली साखर, लपलेले दुःख

उतारवयातील नैराश्य बहुधा रडत येत नाही. ‘अंगात त्राण नाही’, ‘अन्नावरची वासनाच उडाली’, ‘पहाटे तीनला जाग येते ती येतेच’ अशा तक्रारींतून ते बोलते आणि घरचे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. रक्तातील वाढती साखरही वर्षानुवर्षे अशीच गप्प बसते. हे दोन आजार एकाच शरीरात वारंवार भेटतात. अनेक अभ्यास एकत्र करून २००१ मध्ये झालेल्या विश्लेषणात मधुमेहींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आढळली.

ही जवळीक सर्वांत आधी टिपणाऱ्यांत सतराव्या शतकातील इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांचे नाव घ्यावे लागते. मधुमेहींची लघवी मधासारखी गोड लागते, ही त्यांची नोंद पाठ्यपुस्तकांत टिकली. भारतीय वैद्यांना ती गोष्ट त्याआधी कित्येक शतके ठाऊक होती. ‘मधुमेह’ हे नावच त्याची साक्ष देते. मात्र दीर्घ शोकातून हा आजार उद्भवतो, हे विलिस यांचे दुसरे निरीक्षण फार काळ दुर्लक्षित राहिले. प्रत्यक्षात ही वाट दुहेरी आहे. मधुमेहाशी जोडलेल्या स्थूलतेतही तेच दिसते. २०१० च्या एका विश्लेषणानुसार स्थूल व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी, तर नैराश्यग्रस्तांना पुढे स्थूलता येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त असते.

मनाकडून शरीराकडे जाणारी वाट कॉर्टिसॉलची. दीर्घ ताणात हे संप्रेरक चढे राहिले, की यकृत रक्तात साखर सोडत राहते, इन्शुलिनचा प्रभाव घटतो आणि चरबी पोटाभोवती साठते. उलट दिशेने ही पोटातील चरबी दाह वाढवणारी रसायने स्रवते आणि त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोहोचतो. याचा ठळक पुरावा वेगळ्याच आजारातून मिळाला : हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन हे दाह वाढवणारे औषध घेणाऱ्या काही रुग्णांना उपचारादरम्यानच नैराश्याने ग्रासले. उतारवयात तिसरा दुवा जोडला जातो. साखर आणि रक्तदाबामुळे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. १९९७ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलस आणि सहकाऱ्यांनी यावरून ‘रक्तवाहिनीजन्य नैराश्या’ची कल्पना मांडली. त्यात उदासीपेक्षा मंदपणा आणि निरिच्छता जास्त दिसते. दिनक्रमही बिघडतो : फिरणे थांबते, गोळ्या चुकतात, एकट्यापुरते काय रांधायचे म्हणून रात्र चहा-बिस्किटांवर निघते.

भारतात मात्र अंगकाठी फसवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे शेजारी-शेजारी उभे असलेले छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! एका छायाचित्राने इतके सांगावे, हे विज्ञानातले दुर्मीळ भाग्य. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढे धोक्याचा धरतात. ‘बारीक आहेत, त्यांना कसली साखर?’ हा समज ‘वय झाले’इतकाच महागात पडतो.

बी१२ जीवनसत्त्वाचाही विचार हवा. शाकाहारात ते कमी मिळते आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आणखी घटू शकते. त्याच्या कमतरतेने येणारा थकवा, विसराळूपणा आणि उदासी नैराश्यासारखीच दिसते. काही नैराश्यरोधक औषधांनी वजन वाढते, तेव्हा औषध निवडतानाही साखरेचा विचार लागतो.

उपायही दोन्हीकडे पोहोचतात. १९९९ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशीपुढील १५६ नैराश्यग्रस्तांवर प्रयोग झाला. औषधाचा गुण आधी दिसला, पण १६ आठवड्यांनी नियमित व्यायाम करणाऱ्यांची सुधारणा औषध घेणाऱ्यांच्या बरोबरीची होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील चार मधुमेह चिकित्सालयांतील चाचणीत ४०४ रुग्ण होते. मन आणि शरीर यांची एकत्र देखभाल झालेल्यांना नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त लाभ झाला.

ज्येष्ठांसाठीच्या १५ प्रश्नांच्या नैराश्य चाचणीत शारीरिक तक्रारी मुद्दाम वगळल्या आहेत, कारण त्या वयाच्याही असू शकतात. उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढीच. मधुमेहाच्या तपासणीला आलेल्या आजी-आजोबांना हे प्रश्न विचारावेत. नैराश्यासाठी आलेल्यांची साखर, रक्तदाब, बी१२ आणि कंबर मोजावी. एक आजार सापडला, की दुसरा शोधायलाच हवा.